ग्राहक चळवळीतल्या काकांच्या ४१ फायली : ठेवू, देऊ की रद्दीत घालू?

उंबरठा :
नमस्कार मंडळी.

माझे धाकटे काका फेब्रुवारीत गेले. वय ८१. काकू आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नाही. साताऱ्याचं घर जूनअखेर रिकामं करून द्यायचंय. त्या घरात एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटात ४१ फायली. प्रत्येकीच्या पाठीवर पांढरी पट्टी, त्यावर काकांच्या अक्षरात क्रमांक आणि विषय. 'रॉकेल – मापे', 'गॅस', 'स्थानिक कर', 'बियाणे', 'विमा – नाकारलेले दावे', 'कुकर', 'मिठाई – खोक्याचे वजन'.

काका पाटबंधारे खात्यात कारकून होते. पोट त्या नोकरीवर, जीव मात्र ग्राहकांच्या कामात. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. त्याचं वारं आमच्याकडे पोचलं तेव्हा काका तिशीत होते. तिथून जे सुरू झालं ते शेवटच्या आजारपणापर्यंत. खांद्याला शबनम, तिच्यात हुकाचा काटा, शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं वजन, कार्बन पेपर आणि एक लांबट वही. वहीत सहा रकाने : तारीख, दुकान, वस्तू, छापील किंमत, घेतलेली किंमत, फरक. दर रविवारी मंडई. ते सरकारी निरीक्षक नव्हते, कुणाचं काही जप्त करायचा त्यांना अधिकार नव्हता. ते मोजायचे, लिहायचे आणि पत्र पाठवायचे.

लहानपणी मला त्यांच्याबरोबर बाजारात जायची फार लाज वाटायची. एकदा दिवाळीत पेढे घ्यायला गेलो. काका म्हणाले, "आधी रिकामं खोकं काट्यावर ठेवा." खोकं चांगलं जाड पुठ्ठ्याचं होतं. मागे रांग लागलेली, दुकानदार घुश्शात. मी दुकानाच्या पायरीवर जाऊन पाठ फिरवून उभी राहिले. काकांनी खोक्याचं वजन वहीत लिहिलं, तेवढे पेढे वाढवून घेतले, बाहेर आले आणि त्यातला एक माझ्या हातावर ठेवला. रागावले नाहीत. आज त्याच हातात त्यांची वही आहे आणि त्या दिवसाची नोंदही सापडली.

भाऊ म्हणतात रद्दीत घाल. माझं मन होत नाही. तर दोन प्रश्न. हे कागद आज कुणाच्या उपयोगाचे आहेत का? आणि अशा माणसांनी आयुष्यभर केलेलं काम नक्की कुठे जाऊन पोचलं? तुमच्यापैकी कुणी चळवळीत असाल किंवा जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा.

सुपारी :
रद्दीवाल्याकडे गेलात तरी काकांचा काटा बरोबर न्या. 🙂 बाकी फायली टाकू नका. पुढचं वाचायला बसलेय.

जुनेजाणते :
उंबरठाताई, काकांना नमस्कार. आमच्या पिढीने ही माणसं पाहिली आहेत.

तुम्ही १९७४ पासून सुरुवात केलीत, मी थोडा मागे जातो. मुंबईत १९६६ साली नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. लीला जोग हे त्यातलं नाव पुष्कळांना आठवेल. वस्तू तपासायच्या, भेसळ कशी ओळखायची ते शिकवायचं, तक्रारी घ्यायच्या. त्यांचं 'कीमत' नावाचं नियतकालिक निघायचं. ग्राहक संरक्षण कायदा यायला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता.

मग ७२ चा दुष्काळ. तेल, साखर, रॉकेल, सगळ्याची टंचाई. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या बायकांनी पक्ष बाजूला ठेवून महागाईविरोधात समिती केली आणि मुंबईच्या रस्त्यावर लाटणी-थाळ्या घेऊन मोर्चे निघाले. माझी आई गिरगावातून गेली होती. घरी आली तेव्हा थाळीला पोचे पडलेले. ती थाळी तिने शेवटपर्यंत वापरली, बदलू दिली नाही.

काकांसारखी माणसं या हवेत घडली. टंचाई काय असते हे त्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं होतं. आज एका बोटावर दहा दुकानांचे भाव दिसतात, त्यामुळे मापात मारलेल्या पन्नास ग्रॅमसाठी कुणी का झगडावं ते नव्या मुलांना कळत नाही. तेव्हा ते पन्नास ग्रॅम ताटातून जायचे.

रानजाई :
जुनेजाणते, थाळीचं वाचून डोळे भरले.

मी मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघात बावीस वर्षं आहे. १९७५ च्या गुढीपाडव्याला हे काम सुरू झालं. बाहेरच्यांना वाटतं पंचायत म्हणजे तक्रार-निवारण. आमच्यासाठी पंचायत म्हणजे महिन्याची यादी. शेजारपाजारची घरं मिळून एक संघ, प्रत्येक घराने यादी भरायची, मागणी एकत्र जायची, माल घाऊक घेतला जायचा आणि ठरलेल्या दिवशी एकीच्या घरी उतरायचा. मग आम्ही बायका बसून वाटप करणार. तूरडाळ कुणाची किती, हिशेब कुणाचा चुकला, सगळं तिथेच. माझ्या सासूबाई आजारी होत्या त्या वर्षी संघातल्या बायकांनी माझी यादीही भरली आणि सामान वरती आणूनही दिलं.

सांगायचं ते हे की ग्राहकाने एकट्याने भांडायचं की दहा जणांनी मिळून खरेदीच वेगळ्या रीतीने करायची, हे दोन्ही रस्ते या चळवळीत पहिल्यापासून होते. तुमच्या काकांच्या फायलींत सामूहिक खरेदीचं काही आहे का? असलं तर मला पाहायला आवडेल.

अवकाळी :
मी जरा वेगळं बोलतो, राग नसावा.

काकांबद्दल आदरच आहे. पण चळवळीचं फलित काय? १९८६ चा कायदा आला, ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारे मंच आले, आणि मंचांमध्ये वकील आले. मी घराच्या ताब्यावरून एका बांधकाम व्यावसायिकाविरुद्ध तक्रार केली. तारखांवर तारखा. निकालाला चार वर्षं, त्यावर अपील, मग अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत निकाली काढा. त्या काळात मला मदत करतो म्हणणारे एक 'कार्यकर्ते' भेटले. त्यांनी समोरच्याशीच बोलणी सुरू केली होती, हे मला फार उशिरा कळलं. ग्राहकांच्या नावावर तोडपाणी करणारेही या क्षेत्रात आहेत, त्यावरही बोललं पाहिजे.

भुसारवाले :
अवकाळी यांच्याशी थोडा सहमत, पण माझा अनुभव काउंटरच्या पलीकडचा आहे.

आमचं किराणा-भुसारचं दुकान. वडिलांच्या वेळी तागडी होती. एका रविवारी एक गृहस्थ आले, थेट उंबरठाताईंच्या काकांसारखे, खांद्याला पिशवी. दुकानात गर्दी होती. ते एका कडेला उभे राहिले, अर्धा तास. गर्दी ओसरल्यावर वडिलांना हळूच म्हणाले, "शेठ, तुमचं डावं पारडं रिकामंच खाली जातंय." साखळी बदलली होती, पासंग गेला होता, वडिलांच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी वडिलांना पडताळणी आणि शिक्का कुठे, कधी करून मिळतो ते सांगितलं. पुढच्या महिन्यात येऊन पाहूनही गेले. वडील त्यांना शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणायचे.

दुसरे एक आले ते दहा माणसं आणि एक बातमीदार घेऊन. झिजलेलं एक वजन सापडलं. गिऱ्हाइकांसमोर आरडाओरडा, 'चोर' म्हणाले. माझे वडील चोर नव्हते. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि मी तेव्हा सातवीत होतो, मला ते अजून दिसतं.

म्हणून म्हणतो, चळवळीने छोट्या दुकानदाराला सहज धरलं कारण तो हाताशी होता. पिशव्यांवर हवे ते भाव छापणाऱ्यांना कोण भिडलं?

खडूफळा :
भुसारवाले, पहिल्या गृहस्थांची गोष्ट फार सुंदर. तुम्ही 'पासंग' शब्द वापरलात म्हणून थोडं अवांतर करते, भाषेची मास्तरीण आहे, राहवत नाही.

तागडीची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला छोटासा दगड किंवा खडा बांधून तोल साधतात, तो पासंग. 'तो याच्या पासंगालाही पुरणार नाही' हा वाक्प्रचार तिथून आला. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, वर्गात मुलांना पासंग कळत नाही. मी दरवर्षी पट्टी, दोरा आणि दोन करवंट्या घेऊन तागडी करून दाखवते.

आणखी एक. 'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' मुळात एकच शब्द. पण मराठीत 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणं' म्हणजे त्याची फजिती करणं, त्याला धरून बसणं. 'ग्राहक करणं' असं कुणी म्हणत नाही. चळवळीतल्या माणसांनी 'ग्राहक' हाच शब्द रुजवला ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

उंबरठा :
खडूफळाताई, काका हेच म्हणायचे! घरात कुणी 'गिऱ्हाईक' म्हटलं की दुरुस्त करायचे.

भुसारवाले, तुमच्या वडिलांबद्दल वाचून रात्री काकांच्या वह्या पुन्हा चाळल्या. काही दुकानांपुढे पेन्सिलीने 'सांगितले, सुधारले' असं लिहिलंय आणि पुढचा 'फरक'चा रकाना रिकामा ठेवलाय. अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. त्या दुकानांवर पत्र नाही, तक्रार नाही. मला वाटतं काका तुमच्या मास्तरांच्या जातकुळीचे होते.

मोठ्यांना कोण भिडलं याचंही थोडं उत्तर फायलींत मिळालं. फाईल क्र. ७, 'स्थानिक कर'. आधी वेष्टनावर किंमत छापायची आणि पुढे 'स्थानिक कर वेगळे' अशी ओळ असायची. मग दुकानदार कराच्या नावाखाली वाटेल ते लावणार, आणि तो कर किती हे घेणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. काकांनी एकच साबणाची वडी घेतलीय, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या दुकानांतून. ६३ नोंदी. साताऱ्यात एक किंमत, वाईला दुसरी, कोरेगावला तिसरी, आणि छापील किंमत सगळीकडे तीच. काकू म्हणायच्या, आपल्या घरी वर्षभर एकाच साबणाने आंघोळ झाली. तो सगळा तक्ता त्यांनी दिल्लीला खात्याकडे पाठवला होता, पोचपावती फायलीला टाचलेली आहे.

तळटीप :
फाईल ७ जपून ठेवा! १९९० मध्ये नियम बदलला आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. तो बदल देशभरातल्या ग्राहक संस्थांनी लावून धरला होता. साताऱ्याचा एक कारकून ६३ वड्या घेऊन त्यात आपला वाटा उचलतो, ही मोलाची गोष्ट आहे.

भुसारवाले, 'मोठ्यांना कोण भिडलं' याचं माझं उत्तर : प्रा. मनुभाई शाह. अहमदाबादेत १९७८ मध्ये त्यांनी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र सुरू केलं. मी वकिली करतो आणि त्यांचा खटला नव्या वकिलांना आवर्जून सांगतो.

शाहांनी आयुर्विमा महामंडळाच्या हप्त्यांचा अभ्यास करून एक निबंध लिहिला की पॉलिसीधारकांकडून जास्त पैसे घेतले जातात. महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात उत्तर दिलं, शाहांनी त्याच वर्तमानपत्रात प्रत्युत्तर दिलं. इथपर्यंत ठीक. मग महामंडळाने आपल्या अधिकाऱ्याचा लेख स्वतःच्या 'योगक्षेम' मासिकात छापला. शाह म्हणाले, आता माझं उत्तरही छापा. महामंडळ म्हणालं, हे आमचं घरचं मासिक आहे. शाह न्यायालयात गेले. गुजरात उच्च न्यायालयात जिंकले आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची बाजू उचलून धरली. लोकांच्या पैशावर चालणारी संस्था एकच बाजू छापून दुसरी दाबू शकत नाही. हप्त्याच्या आकड्यांवरून सुरू झालेली गोष्ट भाषणस्वातंत्र्याच्या महत्त्वाच्या निकालापर्यंत गेली.

त्याच केंद्राने १९९५ मध्ये आणखी एक खटला जिंकला. एक स्वस्त मुदत विमा योजना फक्त सरकारी आणि नामांकित कंपन्यांतल्या नोकरदारांनाच मिळायची. शेतकरी, छोटे धंदेवाले, हातावर पोट असलेले सगळे बाहेर. ती अट न्यायालयाने काढून टाकली. त्याच वर्षी ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा निकालही त्यांच्याच याचिकेवर लागला.

अवकाळी, तुमच्या चार वर्षांबद्दल मनापासून वाईट वाटतं. उशीर खरा आहे, तो मी रोज पाहतो, त्याचं समर्थन करणार नाही. पण थोडी सुधारणाही सांगतो. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. पूर्वी निम्मा उशीर तिथेच व्हायचा.

दूरदेशी :
न्यू जर्सीहून लिहितोय. हा विषय निघाला की राल्फ नेडरशिवाय चर्चा पूर्ण होत नाही.

लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला मुलगा, १९३४ चा जन्म, कनेटिकटमधलं विन्स्टेड हे छोटं गाव. हार्वर्डमधून वकील झाला. १९६५ मध्ये 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहिलं. तोवर अपघात झाला की दोष चालवणाऱ्याचा असं धरलं जायचं. याने सांगितलं, गाडीची रचनाच माणसं मारते. पहिलं प्रकरण शेव्हरोले कॉर्व्हेअर गाडीवर. जनरल मोटर्सने त्याच्यामागे खासगी हेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहनसुरक्षेचा कायदा झाला. नेडरने खासगीपणाच्या भंगाबद्दल दावा लावला, १९७० मध्ये ४,२५,००० डॉलरवर तडजोड झाली आणि तो पैसा त्याने पुढच्या ग्राहककार्याला लावला.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट छोटी आहे. १९७२ मध्ये विमान कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि नेडरला पक्कं आरक्षण असून चढू दिलं नाही. आपण चरफडत पुढच्या विमानाने जातो. त्याने खटला भरला आणि तो १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. हे मला उंबरठाताईंच्या काकांच्या खोक्याच्या जातीचं वाटतं.

अवकाळी :
नेडरचं २००० सालचं विसरू नका. अध्यक्षपदाला उभा राहिला, फ्लोरिडात त्याला ९७ हजारांवर मतं आणि बुश जिंकले ५३७ मतांनी. आयुष्यभराचं नाव घालवलं.

दूरदेशी :
त्यावर इथे अजून घराघरांत भांडणं होतात. मी स्वतः तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो. तरीही आज गाडीत मुलीला बसवून पट्टा लावतो तेव्हा त्याचे आभार मानतो. दोन्ही खरं आहे.

जुनेजाणते :
निवडणूक नको, नाहीतर धागा अमेरिकेतच राहील. ग्राहकाच्या हक्कांचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा संसदेला १५ मार्च १९६२ चा संदेश आठवा : सुरक्षितता, माहिती, निवड आणि म्हणणं ऐकून घेतलं जाणं. हे चार हक्क आमच्या अभ्यासवर्गात भिंतीवर लिहिलेले असायचे.

आपल्याकडचे एच. डी. शौरी राहिले. निवृत्त सनदी अधिकारी, १९८० मध्ये दिल्लीत 'कॉमन कॉज' काढली. निवृत्तीवेतनाचा १९८२ चा डी. एस. नकारा यांचा खटला, त्यात ही संस्थाही याचिकाकर्ती होती. निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही, असा निकाल लागला. मी पेन्शनर आहे. दर महिन्याला पैसे जमा झाल्याचा निरोप आला की त्या म्हाताऱ्याची आठवण काढतो.

सुपारी :
गॅसच्या फायलीत काय आहे? सिलिंडर हलका येतो अशी मला कायम शंका येते.

उंबरठा :
फाईल ११. पहिल्याच कागदावर रीत लिहिलीय. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन छापलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवायचे, तेवढा काटा यायला हवा. आणणाऱ्याला घरच्या घरी वजन करून दाखवायला सांगायचं, सील बघायचं, मगच पैसे. खाली काकांनी दोन ओळी जोडल्यात : "आणणारा मुलगा गरीब असतो. त्याला जिना चढून आल्यावर आधी पाणी द्यावे, मग काटा मागावा."

रानजाई :
या दोन ओळी आमच्या संघाच्या गटावर टाकल्या आहेत, चालेल ना?

कोनाडा :
मी ग्रंथालयात काम करते, जुनी कागदपत्रं हाताळते. उंबरठाताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळते.

फायली एकगठ्ठा कुणाला देऊ नका. आधी वह्या वेगळ्या काढा. निकालपत्रं कुठेही मिळतील, वह्या कुठेच मिळणार नाहीत. पन्नास वर्षं एका जिल्ह्याच्या बाजारात मीठ, साबण, रॉकेल प्रत्यक्षात किती रुपयांना विकलं गेलं, याची हाताने केलेली नोंद म्हणजे अर्थशास्त्र आणि इतिहासाच्या अभ्यासकाला सोनं आहे. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, पाने सपाट करा, खिडकीजवळच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या. कार्बन प्रती आधी, त्या लवकर पुसट होतात.

दुसरं, लोकांच्या तक्रारींमध्ये त्यांची नावं, पत्ते, आजारपणं, विम्याचे कागद असणार. ते तसेच बाहेर जाऊ देऊ नका. ज्यांचे मूळ दस्त आहेत त्यांना शक्य असेल तर परत करा. उरलेलं जवळचं विधी महाविद्यालय किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय घेईल, पण यादी करून, लेखी पोच घेऊन द्या.

भुसारवाले :
लेखी पोच घेऊन द्या, हे तर काकांना फारच पटलं असतं.

ताई, मी कराडला असतो. फोटो काढायला दोन रविवार येऊ शकतो. वडिलांसाठी मला एवढं करू द्या.

खडूफळा :
मीही येते. शाळेतल्या दोन मुलींना आणू का? अक्षर लावायला मदत होईल आणि त्यांना पासंगाचा अर्थही प्रत्यक्ष कळेल.

तळटीप :
ताई, एक महत्त्वाचं. शेवटच्या काही फायलींत चालू प्रकरण आहे का ते आधी बघा. ग्राहक आयोगात (म्हणजे पूर्वीचे मंच) तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. उशीर माफ करायची तरतूद आहे, पण कारण पटवून द्यावं लागतं. काका गेल्यामुळे कुणाची मुदत हुकता कामा नये.

उंबरठा :
तळटीप, तुमचं वाचून लगेच फाईल ४१ उघडली.

काकांकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. त्यांनी हप्त्यावर १६,५०० रुपयांचा फ्रीज घेतला. जून २०२३ मध्ये, घेतल्यापासून तिसऱ्या आठवड्यात, तो गार करेनासा झाला. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनीचा माणूस येतो, काहीतरी करतो, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मावशींनी हप्ते सगळे भरले. काकांनी दुकानाला आणि कंपनीला पत्रं लिहिलीत, दुरुस्तीच्या प्रत्येक चिठ्ठीची प्रत लावलीय. शेवटचं पत्र डिसेंबरमधलं, अक्षर फार कापरं झालंय. त्यानंतर ते दवाखान्यातच होते. कोपऱ्यात पेन्सिलीने : "पोचपावती आली नाही. पुन्हा पाठवणे."

आज एप्रिलची १२ तारीख.

मावशींना काल विचारलं, फ्रीजचं काय केलंत? म्हणाल्या, "कपडे ठेवते त्यात. साहेब होते तोवर वाटत होतं काहीतरी होईल."

तळटीप :
मुदत जूनपासून मोजायची, म्हणजे दोन महिने हातात आहेत. पुरेसे आहेत. नीट वाचा.

तक्रार मावशींच्याच नावाने, सही त्यांची. तुम्ही कागद लावायला आणि लिहायला मदत करा. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायची सोय राहणार नाही. मावशी राहतात त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने ती सोय केलीय. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत आहे, शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. बिल, हप्त्याच्या पावत्या, दुरुस्तीच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावा. मागणीत फ्रीजची रक्कम, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे वेगवेगळं लिहा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंदवून बघायलाही हरकत नाही, कधी कधी तिथेच मिटतं, पण त्यासाठी मुदत घालवू नका.

मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी तपासून देतो, पैसे नकोत.

अवकाळी :
मीही मसुदा वाचायला तयार आहे. चार वर्षांत कुठे कुठे अडकलो ते सगळं पाठ आहे. दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर त्याची सही आणि तारीख आहे ना, ते आधी बघा. माझं एक वर्ष तेवढ्यावर गेलं.

उंबरठा :
सगळ्या आहेत, सही-तारखेसकट. एका चिठ्ठीवर सही नव्हती, तिथे काकांनी त्या माणसाला परत बोलावून घेतलेली दिसते, तारीख दुसऱ्या शाईत आहे.

(१९ मे)

उंबरठा :
धागा वर आणते.

वह्यांचे फोटो पूर्ण झाले, एकूण २३ वह्या. भुसारवाले दोन म्हणता चार रविवार आले. येताना वडिलांची तागडी घेऊन आले होते, खडूफळाताईंच्या मुलींनी तिच्यावर काकांचं अर्ध्या किलोचं वजन ठेवून पाहिलं. रानजाई, सामूहिक खरेदीचं एक पातळ बाड सापडलं, १९७९ ची तेलाच्या डब्यांची यादी आहे, सतरा घरांची, तुम्हाला पाठवते. पुण्याच्या एका विधी महाविद्यालयाने वह्या आणि ३४ फायली घेतल्या, कोनाडाताईंनी सांगितलं तशी यादी करून. सहा फायलींतले कागद ज्यांचे त्यांना परत करतेय, तीन घरं सापडली, तीन शोधतेय.

फाईल ४१ माझ्याकडे आहे. मावशींची तक्रार ६ मे रोजी दाखल झाली. दाखल करण्याआधी काकांचं डिसेंबरचं पत्र तेच्या तेच, फक्त तारीख बदलून आणि खाली मावशींची सही घेऊन, कंपनीला पुन्हा पाठवलं होतं. शनिवारी त्याची पोचपावती आली. टाचून ठेवलीय.